सहाय्यक साधन तयार करायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील चार विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दिव्यांग व्यक्तींसाठी एखादे साधन तयार करायचे आहे आणि त्यासाठी त्यांच्या हाताशी एक सत्र आहे. त्यांच्या मनात तीन कल्पना आहेत : अडथळा जवळ आला की थरथरणारी अंधांची काठी, खुणांची भाषा ऐकू येणाऱ्या शब्दांत बदलणारा हातमोजा आणि थ्रीडी प्रिंटरवर छापलेला कृत्रिम हात. यांपैकी कोणती कल्पना निवडावी आणि तयार झालेले साधन प्रदर्शनानंतर कपाटात धूळ खात पडू नये म्हणून काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. पुनर्वसन अभियंता म्हणून काम करताना मी अशा अनेक गटांना मार्गदर्शन केले आहे, त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

माझा पहिला सल्ला असा की तिन्ही कल्पना तूर्तास बाजूला ठेवाव्यात आणि आधी एक व्यक्ती शोधावी. त्या व्यक्तीच्या दिवसातील एकच काम निवडावे आणि ते काम सुकर होईल एवढेच उद्दिष्ट ठरवावे. ‘अंधांसाठी’, ‘कर्णबधिरांसाठी’ असे म्हणून सुरू झालेला प्रकल्प बहुधा कोणाच्याच उपयोगी पडत नाही, कारण अंध असणे ही एक गोष्ट असली तरी अंध माणसे वेगवेगळी असतात. जन्मापासून न दिसणारी महाविद्यालयीन तरुणी आणि मधुमेहामुळे साठीत दृष्टी गेलेले गृहस्थ यांच्या अडचणीही निरनिराळ्या असतात आणि सवयीही. मधुमेहाने बोटांच्या टोकांची संवेदना कमी झालेली असेल तर ब्रेल वाचणे त्या गृहस्थांना जड जाते आणि थरथरणाऱ्या मुठीचा इशाराही नीट कळत नाही, ही बाब ‘अंधांसाठी’ या शब्दात कोठेच दिसत नाही.

साधने का टाकून दिली जातात, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत फिलिप्स आणि झाओ या संशोधकांनी १९९३ मध्ये २२७ प्रौढ वापरकर्त्यांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले, त्यात २९.३ टक्के साधने पूर्णपणे वापरातून गेलेली आढळली. कारणे चार निघाली : निवड करताना वापरणाऱ्याचे मत विचारात न घेणे, साधन फार सहजासहजी मिळणे, साधनाची कामगिरी सुमार असणे आणि माणसाच्या गरजा बदलत जाणे. यांतील दुसरे कारण विद्यार्थ्यांना कोड्यात टाकते. साधन चटकन मिळाले तर ते चांगलेच नाही का? पण चटकन मिळते याचा अर्थ बरेचदा असा असतो की मोजमाप, चाचपणी, शिकवणे यांपैकी काहीच झालेले नसते. विद्यार्थ्यांचा प्रकल्प नेमका याच प्रकारात मोडतो : साधन फुकट मिळते, समारंभपूर्वक मिळते आणि त्यानंतर देणारे परीक्षेला निघून जातात. वापर सुटण्याचे प्रमाण पहिल्याच वर्षात जास्त असल्याचेही त्या सर्वेक्षणात दिसले होते.

आता तुमच्या तीन कल्पनांविषयी. हातमोज्याची कल्पना सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतील दोन विद्यार्थ्यांनी बनवलेल्या अशाच हातमोज्यांना लेमेलसन-एमआयटी विद्यार्थी पारितोषिक मिळाले आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. मात्र कर्णबधिर समाजातून आणि खुणांच्या भाषांच्या अभ्यासकांकडून त्यावर कडक टीका झाली. टीकेचे कारण तांत्रिक होते आणि सामाजिकही. खुणांच्या भाषेत व्याकरणाचा मोठा भाग चेहऱ्यावर, भुवयांच्या हालचालीत, नजरेच्या दिशेत आणि धडाच्या वळण्यात असतो. प्रश्न आहे की विधान, हे कित्येकदा भुवयांवरून ठरते. बोटांच्या वाकण्याची नोंद घेणाऱ्या सेन्सरला यातले काहीच दिसत नाही. शिवाय संवाद दोन्ही बाजूंनी चालतो. हातमोजा ऐकणाऱ्या माणसाची सोय करतो आणि त्याचे ओझे मात्र कर्णबधिर माणसाच्या हातांवर टाकतो. समोरच्याचे उत्तर कर्णबधिर व्यक्तीला कसे कळणार, याची सोय त्यात नसतेच. तरीही दर वर्षी कोठे ना कोठे हा हातमोजा नव्याने शोधला जातो, हे सांगताना आता मला आश्चर्यही वाटत नाही.

काठीची कल्पना मुळात वाईट नाही. परंतु साधी पांढरी काठी किती काम करते, हे समजून घेतल्याशिवाय तिला हात लावू नये. काठी एका पावलापुढची जमीन तपासते, खड्डा आणि उतरती पायरी सांगते, फरशी आहे की माती हे कळवते आणि टोकाच्या आवाजावरून भिंत जवळ आहे की मोकळी जागा आहे, याचा अंदाज देते. तिला बॅटरी लागत नाही. विद्यार्थी तिच्यावर जो स्वस्त अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवतात तो चाळीस किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरी सोडून परत येणारा प्रतिध्वनी मोजतो; त्याचा पल्ला कागदोपत्री दोन सेंटिमीटर ते चार मीटर असतो. प्रयोगशाळेतील सपाट भिंतीसमोर तो उत्तम चालतो. तिरप्या काचेवरून लहर भलतीकडे परावर्तित होते, जाड कपडे घातलेल्या माणसाकडून ती शोषली जाते, गर्दीत तर सेन्सर सतत काही ना काही सांगत राहतो आणि माणूस त्या थरथरीकडे दुर्लक्ष करायला शिकतो. समोर रोखलेल्या सेन्सरला उतरती पायरी दिसत नाही, आणि पडण्याची खरी भीती तिथेच असते. काठीला जे खरोखर जमत नाही ते म्हणजे कमरेच्या वरचे अडथळे : झाडाची झुकलेली फांदी, उभ्या वाहनाचा उघडा दरवाजा, भिंतीतून बाहेर आलेली पेटी. सेन्सरचे काम तेवढ्यापुरतेच ठेवले, काठीचा तोल आणि वजन बिघडू दिले नाही आणि बॅटरी संपल्यावरही ती नेहमीची काठी म्हणून पूर्ण वापरता आली, तर त्या कल्पनेत तथ्य आहे. मात्र हे काम करून बाजारात आणलेली साधने आधीच आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

छापलेल्या हाताबद्दल थोडक्यात. २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एक सुतार आणि अमेरिकेतील एक कारागीर यांच्या पत्रव्यवहारातून सुरू झालेल्या कामाने पुढे ‘ई-नेबल’ या स्वयंसेवकांच्या जाळ्याचे रूप घेतले आणि त्यांचे आराखडे सर्वांना खुले आहेत. वाढत्या वयाच्या मुलांसाठी, मनगटाची हालचाल शाबूत असेल तर, ते हात उपयोगी पडतात. त्यात तुमची भर काय, हा प्रश्न आहे. नवा हात छापण्यापेक्षा एखाद्या मुलाला सायकलची मूठ धरता येईल असे टोक त्याच हाताला बसवून देणे हे एका सत्रात होण्याजोगे आणि खरोखर वापरले जाण्याजोगे काम आहे.

व्यक्ती कोठे भेटेल? विशेष शाळा, पुनर्वसन केंद्रे, दिव्यांगांच्या संघटना आणि रुग्णालयांतील व्यवसायोपचार विभाग (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठी उपचार आणि सराव देणारा विभाग) या जागा आहेत. व्यवसायोपचारतज्ज्ञ सोबत असणे मी जवळजवळ अनिवार्य मानतो, कारण कोणती हालचाल करू द्यावी आणि कोणती टाळावी, हे त्यांना कळते. अभियंत्याला सोयीची वाटणारी एखादी हालचाल रोज शेकडो वेळा केल्यास त्या व्यक्तीच्या खांद्याची वाट लागू शकते. पण तज्ज्ञाशी बोलून काम भागले, असे समजू नये. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराच्या चौथ्या कलमात, त्यांच्याशी संबंधित निर्णयांत त्यांचा सल्ला घेणे आणि त्यांना सक्रिय सहभागी करणे हे सरकारांचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. जे सरकारांना लागू आहे ते चार जणांच्या गटाला लागू करायला हरकत नसावी. या क्षेत्राचा इतिहासही हेच सांगतो. १६५५ मध्ये स्वतःच्या हाताने फिरवता येणारी तीनचाकी खुर्ची बनवणारा स्टेफान फार्फलर हा घड्याळजी स्वतः चालू शकत नव्हता. १८२४ मध्ये पंधरा वर्षांच्या लुई ब्रेलने आपली ठिपक्यांची लिपी बसवली तेव्हा तो स्वतः अंध होता. आणि १९३० च्या दशकात घडीची व्हीलचेअर हॅरी जेनिंग्ज या मित्राबरोबर तयार करणारे हर्बर्ट एव्हरेस्ट खाणीतील अपघातानंतर स्वतः व्हीलचेअर वापरत होते.

पहिल्या भेटीत ‘तुम्हाला काय हवे?’ असे थेट विचारू नये. या प्रश्नाचे उत्तर बहुधा सौजन्याचे असते, किंवा ऐकीव गोष्टींवर बेतलेले असते. त्याऐवजी कालचा दिवस सकाळपासून सांगायला सांगावे आणि कोठे दुसऱ्याची मदत लागली, कोठे जास्त वेळ गेला, कोणते काम करायचे सोडूनच दिले, याची नोंद घ्यावी. त्यानंतर ते काम प्रत्यक्ष होताना पाहावे, जिथे ते रोज होते तिथेच. व्हीलचेअर टेबलाखाली किती आत जाते, दाराची चौकट किती रुंद आहे, प्लगची जागा जमिनीपासून किती उंचीवर आहे, दिवसाच्या कोणत्या वेळी थकवा येतो, या गोष्टी कोणी आपणहून सांगत नाही, कारण सांगण्याजोगे काही आहे असे त्यांना वाटत नाही. छायाचित्रे घेण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी, ती कधीही मागे घेता येईल हे स्पष्ट सांगावे, आणि त्या व्यक्तीचा वेळ हा तज्ज्ञाचा वेळ समजून त्याचा योग्य मोबदला द्यावा. अमेरिकेतील एमआयटीमध्ये २०११ पासून शिकवल्या जाणाऱ्या सहाय्यक तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांचा छोटा गट सत्रभर एकाच दिव्यांग व्यक्तीबरोबर काम करतो. ही पद्धत उचलण्याजोगी आहे.

निवडलेले काम जितके लहान तितके बरे. याचे एक उदाहरण सविस्तर देतो. माझ्या देखरेखीखालील एका गटाकडे स्क्रू आणि चकत्या मोजून पाकिटात भरण्याचे काम करणाऱ्या एका अंध कामगाराची अडचण आली होती. प्रत्येक पाकिटात बारा स्क्रू जायला हवेत आणि दिवसाच्या शेवटी मोजणी चुकलेली पाकिटे परत येत. गटाच्या मनात वजनकाटा, मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी छोटी संगणक-चिप) आणि बोलणारा स्पीकर अशी जुळणी होती. शेवटी तयार झाली ती चार ओळी आणि प्रत्येक ओळीत तीन छिद्रे असलेली एक ॲक्रिलिकची पट्टी. स्क्रूची मूठ पट्टीवर टाकायची, तळहाताने सरकवायची, प्रत्येक छिद्रात एक स्क्रू उभा राहतो. बोटे फिरवून रिकामे छिद्र लगेच कळते. मग खालची सरकती पट्टी ओढली की बाराही स्क्रू खाली लावलेल्या पाकिटात पडतात. छिद्राच्या कडा वरून उतरत्या कापल्या होत्या, त्यामुळे स्क्रू आपोआप आत घसरत असे. पट्टीचा डावा कोपरा गोल आणि उजवा चौकोनी ठेवला होता, म्हणजे हातात घेताच दिशा समजे. आणि सरकत्या पट्टीला अर्ध्यावर एक हलका अटकाव होता, जेणेकरून धक्का लागून ती चुकून उघडू नये. हा अटकाव कामगाराने स्वतः सुचवला होता. परीक्षकांपैकी एकाने ‘यात इलेक्ट्रॉनिक्स कोठे आहे?’ असे विचारले. कोठेच नव्हते, आणि ते साधन पुढेही कामावर रोज वापरात राहिले. अशा मार्गदर्शक पट्ट्या, एका हाताने काम करणाऱ्यांसाठी वस्तू धरून ठेवणारे पाट, हँडल जाड करणाऱ्या नळ्या, पुस्तकाची पाने उलटण्याच्या काड्या यांना प्रकल्पाच्या गुणांत दुय्यम लेखले जाते, हा दोष मूल्यमापनाचा आहे.

इलेक्ट्रॉनिक्स लागणारच असेल तर आधी बाजारात आणि वापरात काय आहे ते पाहावे. फोन आणि संगणक यांच्यामध्ये पडदा वाचून दाखवणे, मोठे अक्षर, आवाजाने लिहिणे, कळ काही काळ दाबून धरल्यावरच तिची नोंद घेणे, थरथरत्या बोटाने लागोपाठ दोनदा दाबली गेलेली कळ एकदाच मोजणे अशा सोयी मुळातच दिलेल्या असतात. कित्येक प्रकल्पांचा निम्मा भाग या सेटिंगमध्ये आयता सापडतो. तसेच, एका दाबाने चालणारे स्विच ज्या जोडणीने लावतात ती ३.५ मिलिमीटरची मोनो जॅक पिन (इअरफोनच्या पिनेसारखी दिसणारी) या क्षेत्रात जवळजवळ सर्वमान्य आहे. २०१८ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या दिव्यांगांसाठीच्या गेम कंट्रोलरनेही तीच स्वीकारली. तुमचा स्विच त्याच पिनने जोडता आला तर तो इतर खेळण्यांना, बोलता न येणाऱ्यांच्या संवाद-यंत्रांना आणि स्विच संगणकाला जोडणाऱ्या यंत्रांना लागतो. तुम्ही आपलीच वेगळी चार तारांची जोडणी काढली तर पहिली तार तुटली त्या दिवशी साधन संपले.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणे) असलेल्या, बोलता न येणाऱ्या एका तरुणासाठी डोक्याच्या बाजूने दाबायचा स्विच आणि त्यावर चालणारा अक्षरांचा तक्ता असे काम एका गटाने केले. प्रयोगशाळेत खुर्चीवर बसवून घेतलेल्या चाचणीत ते सुरळीत चालले. प्रत्यक्षात व्हीलचेअरची पाठ दिवसातून बऱ्याच वेळा मागे झुकवली जाते, आणि प्रत्येक वेळी डोके व स्विच यांतील अंतर बदलत होते. स्विच खुर्चीच्या सांगाड्याऐवजी झुकणाऱ्या पाठीच्या नळीला बसवल्यावर हा प्रश्न सुटला. स्विच धरणाऱ्या दांडीला तीन सांधे होते. अंघोळीसाठी ती काढली की परत नेमकी त्याच कोनात बसवणे आईला जमत नसे. दोन सांधे कायमचे घट्ट करून तिसऱ्यावर दोन्ही बाजूंनी रंगीत रेघ ओढली, म्हणजे रेघेला रेघ जुळली की काम झाले. तार चाकात अडकू नये म्हणून ती पाठीच्या नळीला ठिकठिकाणी बांधली आणि मध्ये एक सहज सुटणारा जोड ठेवला. ओढ बसली तर जोड सुटावा, पिन तुटू नये.

त्यातला सॉफ्टवेअरचा भागही शिकण्याजोगा आहे. तक्त्यातील ओळी एकामागून एक उजळतात आणि हवी ती ओळ उजळली की स्विच दाबायचा. मग त्या ओळीतील अक्षरे उजळत जातात. हा उजळण्याचा वेग विद्यार्थी स्वतःला बरा वाटेल तसा ठेवतात. संशोधनातून आलेला एक उपयुक्त नियम असा की व्यक्तीच्या सरासरी प्रतिसाद-वेळेला ०.६५ ने भागावे. येणारा आकडा हा उजळण्याचा सुयोग्य कालावधी असतो. म्हणजे दाबायला सरासरी १.३ सेकंद लागत असतील तर प्रत्येक ओळ दोन सेकंद उजळलेली ठेवावी. पहिल्या ओळीला थोडा जास्त वेळ द्यावा, कारण सुरुवात पकडणे सर्वांत अवघड जाते. आणि चुकून निवडलेले अक्षर रद्द करण्याची सोय अशा ठिकाणी असावी जिथे पोहोचायला पूर्ण फेरीची वाट पाहावी लागणार नाही. प्रतिसाद-वेळ सकाळी आणि संध्याकाळी वेगळी येते, म्हणून हा वेग घरच्या माणसाला बदलता आला पाहिजे. त्यासाठी कोड उघडावा लागत असेल तर तो बदलला जाणारच नाही.

सुरक्षिततेबाबत मी थोडा कडक होतो. ज्या व्यक्तीला त्वचेची संवेदना नाही, तिला टोचल्याचे कळत नाही, आणि कळत नाही म्हणून दाबामुळे होणारी जखम खोलवर जाईपर्यंत लक्षात येत नाही. शरीराला टेकणारे कोणतेही साधन प्रथम थोडाच वेळ लावावे, काढल्यावर त्वचा पाहावी, आणि उमटलेली लाली वीस-तीस मिनिटांत गेली नाही तर ते साधन पुन्हा लावण्यापूर्वी त्याचा आकार बदलावा. गडद त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून उष्णता आणि कडकपणा तपासावा लागतो. छपाईत सर्वाधिक वापरले जाणारे पीएलए प्लॅस्टिक साठ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे उन्हात बंद वाहनात ठेवलेले साधन वाकडे होऊ शकते. शिवाय छपाईच्या थरांच्या दिशेने ते सहज चिरते, म्हणून भारामुळे थर एकमेकांपासून ओढले जाणार नाहीत अशी मांडणी ठेवावी. छपाईच्या थरांमधील फटी साबणाने नीट स्वच्छ होत नाहीत, हेही तोंडात किंवा जखमेजवळ जाणाऱ्या वस्तूंबाबत विसरू नये. लिथियम बॅटरी वापरायची तर संरक्षक सर्किट असलेली, तयार पेटीत बसवलेली वापरावी. सुटा सेल टेपने गुंडाळून कोणाच्या खुर्चीखाली लावणे मी कोणत्याही गटाला करू दिलेले नाही. मोटर असेल तर वीज गेल्यावर, तार तुटल्यावर किंवा प्रोग्रॅम अडकल्यावर ती कोणत्या स्थितीत थांबेल, हे कागदावर लिहून मगच जुळणी करावी. विद्यार्थ्यांनी बनवलेले साधन श्वासोच्छ्वास, औषधाची मात्रा किंवा माणसाला उचलून ठेवणे अशा कामांसाठी वापरले जाऊ नये. तिथे प्रमाणित उपकरणांना पर्याय नाही.

चाचणीविषयी एक आग्रह. डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा तासभर व्हीलचेअरवर बसून घेतलेल्या अनुभवाला चाचणी म्हणू नये. पट्टी बांधलेला विद्यार्थी हा पहिल्या दिवशीचा, गोंधळलेला अंध असतो. अनेक वर्षे काठी घेऊन फिरणाऱ्या व्यक्तीचे कौशल्य त्याच्याकडे नसते, त्यामुळे त्याला अवघड वाटलेले काम तिला सोपे असते आणि त्याच्या लक्षातही न आलेली गोष्ट तिला अडवते. चाचणी ज्याच्यासाठी साधन आहे त्यानेच करायची, आणि साधनाशिवाय ते काम कसे होत होते याची नोंद आधी घेतलेली असली पाहिजे. किती वेळ लागला, किती चुका झाल्या, किती वेळा मदत मागावी लागली, हे तीन आकडे साधनापूर्वी वेगवेगळ्या दिवशी आणि साधनानंतर वेगवेगळ्या दिवशी घेतले तर एका व्यक्तीवरूनही बरेच काही कळते. समाधान मोजण्यासाठी क्वेस्ट ही तपासलेली प्रश्नावली आहे. तिच्यात साधनाविषयी आठ आणि सेवेविषयी चार प्रश्न असतात, आणि शेवटी बारांपैकी आपल्याला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे तीन मुद्दे व्यक्तीने निवडायचे असतात. तो शेवटचा भाग मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण गटाने ज्या गोष्टीवर महिनाभर खपून काम केलेले असते ती या तीनमध्ये पुष्कळदा नसते. प्रश्न गटाच्या सदस्याने विचारू नयेत. ज्यांनी कष्ट घेतले त्यांच्या तोंडावर ‘जड आहे, नको’ असे म्हणायला कोणालाही संकोच वाटतो.

आता सत्राच्या वेळापत्रकाकडे येऊ. सत्र सोळा आठवड्यांचे धरले तर पहिले तीन आठवडे व्यक्ती, निरीक्षण आणि काम निश्चित करण्यात जावेत. चौथ्या आठवड्यात पुठ्ठा, फोम आणि दोरी यांचा पहिला नमुना त्या व्यक्तीच्या हातात असावा. तो इतका ओबडधोबड असावा की त्याला नाव ठेवायला कोणी कचरणार नाही. बाराव्या आठवड्यापर्यंत साधन पूर्ण करून उरलेले चार आठवडे ते त्या व्यक्तीकडेच राहावे. बहुतेक गट उलट करतात : शेवटच्या रात्री जुळणी, सकाळी सादरीकरण आणि संध्याकाळी हस्तांतरण. त्या चार आठवड्यांत स्क्रू ढिले होतात, चार्जरची पिन उलटी घातली जाते, घरातले लहान मूल बटण दाबून पाहते आणि पट्टा धुतल्यावर आखडतो. हे सगळे तुमच्या डोळ्यांदेखत होणे चांगले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये व्हीलचेअरसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सेवेच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. खुर्ची प्रत्यक्ष तयार करणे ही त्यांतील केवळ एक पायरी आहे. नोंदणी, तपासणी, निवड, पैशांची व मागणीची व्यवस्था या तिच्या आधी येतात आणि मापाला बसवणे, वापर शिकवणे, देखभाल व पाठपुरावा या नंतर. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला मी हीच मोजपट्टी लावतो. म्हणून साधन देताना सोबत एक पानी सूचना असावी, त्या व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात : मोठ्या अक्षरांत, ब्रेलमध्ये, ध्वनिमुद्रित किंवा चित्रांत. ब्रेल स्वतः छापणार असाल तर ठिपक्यांची उंची साधारण अर्धा मिलिमीटर आणि एकाच घरातील शेजारच्या ठिपक्यांतील अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते. शोभेसाठी ते मोठे केले तर वाचता येत नाही. लवकर झिजणारे भाग दुप्पट द्यावेत. साध्या दुकानात न मिळणारा एकही स्क्रू वापरू नये. आणि दुरुस्तीसाठी ज्या माणसाचे नाव लिहाल तो विद्यार्थी नसावा, कारण विद्यार्थी उत्तीर्ण होतात. विभागातील कार्यशाळेचा कर्मचारी किंवा त्या केंद्रातील तंत्रज्ञ असावा आणि त्याने ते साधन एकदा स्वतः उघडून जोडलेले असावे.

साधन परत घ्यावे लागले तर त्यात अपयश मानू नये. व्यक्तीची प्रकृती बदलते, मूल वाढते, नोकरी सुटते, कधी साधनाशिवायच बरे चालले होते असे तिचे मत होते. असे झाल्यास कारण लिहून अहवालात जोडावे. मार्गदर्शक शिक्षकांना माझी विनंती आहे की अशा अहवालाला पूर्ण गुण मिळण्याची वाट मोकळी ठेवावी, नाहीतर विद्यार्थी वापरात नसलेले साधन वापरात असल्याचे दाखवतील आणि ती व्यक्तीही भिडेखातर होकार देईल.

पेटंटविषयीही तुम्ही ओझरते विचारले आहे. एका व्यक्तीसाठी केलेल्या लहान साधनात पेटंटमागे धावण्यात फारसा अर्थ नाही. ज्ञात साधनाचे बदललेले माप किंवा बदललेली जोडणी हे बहुधा पेटंटच्या निकषांत बसतही नाही. त्याऐवजी आराखडा खुला करावा आणि त्याबरोबर अंतिम मापेच नव्हे तर ती तशी का ठेवली, कोणते माप त्या व्यक्तीच्या हातावरून घेतले आणि कोणते यंत्राच्या गरजेतून आले, हे वेगवेगळे लिहावे. दुसऱ्या एखाद्या केंद्रातील तंत्रज्ञ तो आराखडा उघडेल तेव्हा त्याच्यासमोरचा हात वेगळ्या मापाचा असेल, आणि कोणता आकडा बदलायचा व कोणत्याला हात लावायचा नाही, हे त्याला त्या नोंदीवरूनच कळेल.